छापील मुंगी

मालवणात आमच्या शेजारी राहणाऱ्या बाईंनी मला शाळेत शिकवलं होतं. त्यांनी एक जुनं चित्र मला साफ करायला बोलावलं. तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेलं, त्यांच्या पणजोबांनी गोव्याहून आणलेलं. लिंबाची फांदी, तिच्यावर सुरवंट, कोष, फुलपाखरू आणि इकडेतिकडे बारीक किडे.

मी स्वतः आता चित्रकला शिकवते. जुन्या छापांबद्दल मला कुणी सांगायला नको, अशा तोऱ्यात मी फ्रेमचे खिळे काढले आणि काच उचलली. बाई समोर खुर्ची ओढून बसल्या होत्या. "सांबाळून गो," त्या म्हणाल्या. तिसऱ्यांदा म्हणाल्या तेव्हा माझं डोकं फिरलं.

तेवढ्यात लिंबाच्या पानावर मुंगी दिसली. फुंकर मारली, हलली नाही. ब्रशने झटकली, तरी नाही. बाईंच्या देखत ही कटकट नको म्हणून मी ती नखाने खरवडून काढली. नखात शाई आली आणि कागदाचा भुसा.

"ती चित्रातली गो," बाई हळूच म्हणाल्या.

मला मान वर करवेना. मी चित्राकडेच बघत राहिले. फुलपाखराच्या पंखाखाली एक भुंगेरा होता, इतका रेखीव की कोरणाऱ्याला मी मघाशी मनातल्या मनात दाद दिली होती.

तो चालू लागला, आणि कागद कुरतडून पंखाला पडलेल्या भोकात शिरला.