दुसऱ्या गाळ्याचं चित्र

आमचे हे, बाळाराम म्हात्रे, आधी दुधवाल्याच्या तोंडाकडे बघतात आणि मग मापाकडे. लग्न होऊन मी खारबावला आले तेव्हा माझ्या माहेरच्यांनी यांना आहेर केलेलं कापड यांनी उजेडात धरून पाहिलं होतं. दारू नाही, मारझोड नाही, कुणाचा एक पैसा बुडवला नाही. फक्त संशय, आणि तो सकाळी डोळे उघडल्यापासून. मी कलावती, यांची लग्नाची बायको, पण माझ्या डब्यातली भाजी कमी का झाली हेसुद्धा मला विचारलं जातं.

गोदामवाल्यांना जमीन दिली आणि यांनी कामतघरला सुताच्या धंद्याचे दोन गाळे घेतले. एकात ऑफिस, रस्त्यापलीकडच्या दुसऱ्यात माल. मालावर नजर हवी, म्हणून विकी नावाच्या पोराकडून, त्याचं कॅमेऱ्यांचं आणि कंप्युटरचं दुकान आहे, दुसऱ्या गाळ्यात कॅमेरे बसवून घेतले. त्यांचं चित्र ऑफिसातल्या कंप्युटरवर दिसायचं. त्या कंप्युटरवर संघरत्ना बसायची. बिलं, जीएसटी, बँक, सगळं तिच्याकडे. हुशार मुलगी, कामाला वाघ, आणि उगाच लाडीगोडी नाही. मी यांचा डबा घेऊन रोज ऑफिसात जायचे, मला ती आवडायची, सरळ सांगते.

आता यांचं डोकं बघा. त्या भागात नेटची वायर देतो तो मोरू, यांचा चुलतभाऊ. बांधावरून त्याच्याशी आमची कोर्टकचेरी चालू. दुसरा कुणी तिथे वायर टाकत नाही, म्हणून दोन्ही गाळ्यांना त्याचीच घ्यावी लागली. पण मोरू वायरीतून आमची बँक बघतो असं यांनी ठरवून टाकलं. मग बँकेपुरतं वेगळं नेट आणलं, सिमकार्डाचा डोंगल. तो कायम यांच्या खिशात. बँकेचं काम निघालं की स्वतः काढून द्यायचे, संघरत्ना तो कंप्युटरला लावायची, कनेक्ट दाबायची, तो आपला नंबर फिरवायचा आणि मग बँक उघडायची. काम झालं की डोंगल परत खिशात.

एके दिवशी हे तिच्या मागे खुर्ची टाकून बसले होते. तिने कनेक्टवर बोट दाबलं आणि दुसऱ्या गाळ्याचं चित्र गेलं. कॅमेऱ्याच्या जागी नुसता काळा चौकोन. बँकेचं काम संपलं, चित्र परत आलं. पुढच्या वेळी तेच. डोंगल स्वतःचा, स्वतःच्या खिशातला, त्याच्यावर संशय कसा येणार? संशय आला तिच्या बोटावर.

तिने स्वतःच सांगितलं होतं, शेठ, नेटचा काहीतरी घोळ आहे, विकीला बोलवा. झालं, विकीही तिला सामील. यांनी गाळ्यात जाऊन सगळा माल मोजला. सुताचा एक कोन, एक रीळसुद्धा कमी नाही. मी म्हटलं, आता तरी गप्प बसा. तर मला म्हणतात, "काही गेला न्हाय म्हंजेच ती पक्की हाय."

शेवटी यांनी जे करायचं ते केलंच. मालाची गाडी लागली होती, हमाल, मुकादम सगळे ऑफिसच्या दारात. हे तिथेच तिला म्हणाले, कॅमेरा कोणासाठी बंद करतेस ते सांग. ती रडली नाही. खुर्चीतून उठली, हात मागे घेतले आणि म्हणाली, आता तुम्ही बसा, मी कशाला हात लावत नाही.

हे बसले. डोंगल लावला, तिने लांबूनच दाखवलं तिथे कनेक्ट दाबलं. चित्र गेलं.

दारात कुणीतरी हसलं. यांनी आधी डोंगल विकणाऱ्याला शिव्या घातल्या, मग मोरूला. मग मीच विकीला फोन लावला, आणि यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

तो येईपर्यंत हमाल गाडी भरून गेले होते. विकीने आधी डोंगल काढून कंप्युटरवरून दुसऱ्या गाळ्यातल्या कॅमेऱ्यांना हाक मारून बघितली, पिंग म्हणतात त्याला, उत्तर आलं. डोंगल लावून मारली, उत्तर नाही. मग ती हाक कुठल्या वाटेने जाते ते काढलं, तर ती रस्ता ओलांडायच्या ऐवजी थेट सिमकार्डाच्या कंपनीकडे निघाली होती. तो म्हणाला, धामणकर नाक्यावर हवालदाराने सगळ्याच गाड्या कल्याण रोडला वळवल्या तर कामतघरवाला घरी कसा पोचेल? डोंगल लागला की कंप्युटर सगळं त्याच वाटेला लावतो. दुसऱ्या गाळ्याची वाट मोरूच्या वायरीवरून आहे, ती तो विसरतो. त्याने एक ओळ लिहिली, की दुसऱ्या गाळ्याचं कायम वायरीनेच जाऊ दे, बाकीचं डोंगलने. पुन्हा कनेक्ट केलं. बँकही उघडली, चित्रही राहिलं.

"म्हंजे मोरूनीच काहीतरी केलता," हे म्हणाले.

"मोरूभाऊंच्या वायरीनं चित्र येतं, शेठ. तुमच्या डोंगलनं जातं," विकी म्हणाला.

मला हसू आलं, पण संघरत्नाच्या तोंडाकडे बघून ते आत गेलं. ती म्हणाली, ज्यांच्यासमोर विचारलंत त्यांच्यासमोर सांगा. असा शिक्का घेऊन मी गेले तर या लाईनीतला एकही गाळेवाला मला कामाला ठेवणार नाही. घरात कमावणारी ती एकटी. यांनी डोंगल काढून खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी गाडी लागली. हे दारात गेले आणि हमालांना म्हणाले, मशीनची चूक होती.

संघरत्ना आतून बाहेर आली. "तुम्ही मशीनचं नाव घेतलं नव्हतं. माझं घेतलं होतं."

मुकादमाने डोक्यावरचा फडका काढून हातात घेतला. आमच्या ह्यांना घाम फुटला, आणि मी म्हणते, फुटू दे. शेवटी बोलले. म्हणाले, संघरत्नाने काही केलं नाही, तिच्यावर मी खोटा आळ घेतला. असं काही या माणसाच्या तोंडून मी जन्मात ऐकलं नव्हतं. मला वाटलं, चला, कुठेतरी पाझर फुटला.

तिने मान हलवली. हातातलं काम पुरं केलं, पाण्याची बाटली पिशवीत टाकली आणि मला म्हणाली, "काकू, येते. उद्यापासून दुसरं माणूस बघा." मी हात धरला, पण तिने तो हळूच सोडवला.

ती रस्ता ओलांडून रिक्षात बसेपर्यंत हे दारात उभे राहून बघत होते. मग माझ्याजवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "पाहिलास? काही नसता तर गेली असती का?"