ट्रायलोबाइटची कात

आमच्या बदलापुरातला दगड सगळा लाव्ह्याचा, त्यात जीवाश्म कुठला सापडायला! म्हणून आम्ही दोघं नवरा-बायको दर सुट्टीत पार स्पितीपर्यंत जायचो, डोंगरात वाकून वाकून दगड फोडायला. नातेवाईक म्हणायचे, येडे झालेत. असू दे.

शेवटच्या फेरीत ह्यांना एक ट्रायलोबाइट मिळाला. जुन्या समुद्रातला किड्यासारखा प्राणी, अंगठ्याएवढा, पाठीवर तीन उभे पट्टे. घरी आणल्यावर आमचं वाजलं. ह्यांचं म्हणणं, ही नुसती कात आहे. हा कात टाकून निघून गेला. माझं म्हणणं, अख्खा प्राणी आहे, जागच्या जागी मेलेला. ओळखायची खूण म्हणजे डोक्याच्या दोन्ही बाजूंचे गाल. कात टाकताना ते सुटून पडतात. आणि आमच्या तुकड्यात नेमके गालच दगडात बुजलेले.

"सुईनं खरवडते, लगेच कळेल," मी म्हटलं.

"हात लावायचा नाही!" हे ओरडले. अंबरनाथच्या एमआयडीसीत लेथवर अख्खी हयात गेलेला माणूस, केसाएवढी चूक न खपवणारा, आणि सुईला घाबरतो! हराल म्हणून भिता, असं मी चिडवायचे. ह्यांनी डबीतल्या चिठ्ठीवर ठसठशीत लिहूनच टाकलं: कात.

तेव्हा ह्यांच्या खिशात डॉक्टरांचा रिपोर्ट होता. फुप्फुसाचा. मला तो महिनाभरानं कळला. म्हणजे तो महिनाभर मी रोज जेवताना ह्यांना ऐकवत होते, मेलाय तो, कबूल करा, मेलाय. जीभ झडली असती माझी तर बरं झालं असतं.

हे गेले त्याला आता वर्ष होईल. परवा कपाट आवरताना डबी हाताला लागली. राहवलं नाही. उल्हासनगरला कॅम्प चारच्या घड्याळवाल्याकडून आणलेलं भिंग डोळ्याला लावलं, सुई घेतली आणि दुपारभर खरवडत बसले. आधी डावा गाल निघाला. मग उजवा. दोन्ही जागेवर, जराही न हललेले. मीच बरोबर होते.

सुई ठेवली आणि मोठ्यानं म्हणाले, "अहो, तुमचंच खरं. कातच आहे."

बोलले आणि हुंदका फुटला. इतक्या गोडीत मी जन्मात कधी हार मानली नव्हती. हे असते तर वळून माझ्याकडे बघितलं असतं आणि म्हणाले असते, "खोटं बोलतेस."