बेसमेंटमधले शनिवार

उल्हासराव मूळचे नागपूरचे. कॅनडातल्या ग्वेल्फच्या एका बिस्किटांच्या कारखान्यात त्यांनी इंजिनियर म्हणून जन्म काढला. चौऱ्याऐंशी साली कामानिमित्त केंटकीला गेले आणि तिथून बर्बन व्हिस्की आणि पुदिन्याचं एक थंडगार पेय शिकून आले. आल्या आल्या मोठ्या हौसेनं बायकोला म्हणाले, "चित्रा, परसातला पुदिना काढ. आज दोघं डेकवर बसू. तू हवं तर नुसतं सरबत घे."

चित्राताईंनी बाटली पाहिली आणि त्यांचा चेहराच उतरला. "माझ्या स्वयंपाकघरात देव आहेत. जे काय करायचं ते खाली, बेसमेंटमध्ये."

उल्हासरावांनी वाद घातला नाही. त्या दिवसापासून दर शनिवारी संध्याकाळी ते पुदिन्याची चार पानं खुडून खाली जायचे, एक पेला घ्यायचे आणि तासाभरानं वर येऊन मुकाट जेवायला बसायचे. मुलगी ऊर्मी मोठी झाली, लग्न होऊन मिल्टनला गेली. शनिवार चुकला नाही.

यंदा फेब्रुवारीत ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसताना त्यांना स्ट्रोक आला. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं आणि गिळणं बिघडलं. साधं पाणीसुद्धा पावडर घालून दाट करून द्यावं लागे.

जूनमध्ये घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसचा फिल्टर बदलायला चित्राताई खाली गेल्या. विंटर टायर्सच्या चळतीशेजारी उल्हासरावांची घडीची खुर्ची होती. चित्राताई सहज तिच्यात टेकल्या. समोरच जमिनीलगतची बुटकी खिडकी होती आणि काचेपलीकडे त्यांचाच पुदिन्याचा वाफा.

वर येऊन त्यांनी विचारलं, "अहो, तिथे बसून काय बघायचात?"

उल्हासराव शब्द जुळवत राहिले. "तुझे पाय. पाणी घालायचीस ना."

"मग काचेवर टकटक करायची. हाक मारायची."

"तू आली नसतीस."

ते खरंच होतं.

त्याच दुपारी चित्राताईंनी गिळण्याच्या थेरपिस्टला फोन केला. त्यांना त्या पेयातलं चमचाभर दिलं तर चालेल का? ती समजुतीनं पण ठाम म्हणाली, थेंबही नको, ते फुप्फुसात जाईल. फोन ठेवून चित्राताई परसात गेल्या, पुदिना खुडला आणि खालची बाटली वर ओट्यावर आणली. उल्हासरावांची व्हीलचेअर स्वयंपाकघरात ढकलली आणि म्हणाल्या, "सांगा, कसं करायचं."

लग्नात मिळालेला चांदीचा पेला त्यांनी काढला. साखरेचा पाक केला आणि पानं खलबत्त्यात कुटायला घेतली.

"चटणी नाही," उल्हासराव कळवळून म्हणाले. "नुसतं दाब. वास सुटेपर्यंत."

पहिला घाणा टाकून दिला. दुसऱ्या खेपेला पानं पेल्यातच चमच्यानं हलकेच दाबली. बर्फ पंच्यात गुंडाळून लाटण्यानं फोडला. पाक, बर्बन, वरपर्यंत बर्फ. ढवळता ढवळता चांदीवर पांढरं दव धरलं.

डेकवर नेऊन त्यांनी पेला नवऱ्याच्या नाकाशी धरला. उल्हासरावांनी डोळे मिटून कितीतरी वेळ वास घेतला. मग डाव्या हातानं पेला बायकोकडे सरकवला. "आता तू."

आयुष्यात पहिल्यांदा चित्राताईंनी दारूचा घोट घेतला. घसा जळला, मागून गोड, मग गार. इतकंच होतं ते. एवढ्यासाठी आपण या माणसाला इतकी वर्षं फर्नेसशेजारी बसवलं.

"चुकलंच हो माझं," त्या म्हणाल्या.

"पुदिना कमी आहे," उल्हासराव तेवढंच म्हणाले.

पुढच्या शनिवारी ऊर्मी आली तेव्हा दोघं डेकवर होती, पेला चित्राताईंच्या हातात. "आई, यू आर ड्रिंकिंग?" ती ओरडलीच.

"बाबांना विचार," चित्राताई म्हणाल्या आणि उल्हासरावांच्या गळ्याखालचा नॅपकिन त्यांनी नीट केला.