रिंगला लागलेला बॉल
गिरणी संपाच्या दुसऱ्या वर्षी, आंतरशालेय बास्केटबॉल फायनलच्या शेवटच्या मिनिटाला आमच्या लालबागच्या शाळेच्या कॅप्टनवर अन्याय झाला. संपामुळे घरी असलेले तिचे वडील पहिल्यांदाच तिचा सामना बघत होते. तिचा बॉल रिंगला लागून तिच्याच हातात परतला, म्हणजे बास्केटसाठी मिळणारे तीस सेकंद नव्याने मोजायचे. पण टेबलावरचे सर स्टॉपवॉचमध्येच डोकं घालून बसलेले. तिने बास्केट केली तोच त्यांची शिट्टी: "तीस सेकंद संपले!" वडील कडेवरून ओरडले, "मास्तर, बॉल रिंगेक लागलो मां!" सर हसले. "आता गिरणीवाले नियम शिकवणार?" मग शेजारी गुण लिहीत बसलेल्या मला म्हणाले, "खोड ते दोन." मी पाहिलं होतं, तरी खोडले. एका गुणाने हरलो. आजही स्टॉपवॉचची टिकटिक ऐकली की ती खाडाखोड दिसते. टेबलावर बसाल तेव्हा आधी रिंगकडे बघा, आणि दिसलं ते बोला!