आळीतलं आळीत

आमच्या जुन्नरच्या आळीतल्या मावशी रोज संध्याकाळी विरजण मागायला यायच्या. विरजण बोटभर आणि बोलणं घटकाभर. "मला काय करायचंय, पर..." असं म्हणत त्या उंबऱ्यावर बसल्या, की माझी तव्यावरची भाकरी करपलीच म्हणायची. एकदा वैतागून मी म्हटलं, "मावशी, पुरे झाल्या चहाड्या!" त्यांना ते फार लागलं. म्हणाल्या, "आळीतलं आळीत बोललं, तर त्याला चहाडी म्हनत न्हाईत, बाई. वेशीभायेर गेलं, तर ती चहाडी."

पुढे माझ्या नणंदेला बघायला निरगुडसरचे पाहुणे आले. मुलीची चौकशी शेजारीपाजारी करायची रीतच, म्हणून ते उठून नेमके मावशींकडे गेले. नणंदेची आधी एक सोयरीक मोडली होती, आणि ते मावशींना ठाऊक होतं. आमच्या दोन्ही घरांची मधली भिंत एकच; मी तिला कान लावून उभी राहिले.

"पोर लई गुणाची हाय, पावणं," एवढंच त्या म्हणाल्या. त्याच दिवशी सुपारी फुटली. मावशींचे पाय धरावेत असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर गेले, तर मावशी हात नाचवत बायकांना सांगत होत्या, "पहिली सोयरीक मोडल्याचं म्या तोंडातनं काढलं न्हाई! आपल्या आळीची पोर हाय ती."

साऱ्याजणी माना डोलवत होत्या. त्यांत कोपऱ्यावरच्या घरातली नवी सूनही होती. तिचं माहेर निरगुडसरचं. तिची घागर केव्हाच भरली होती, पण ती काही हलत नव्हती.