आतोबांनी सोडलेले अकरा मासे

माझी आत्या गळवाल्यांना आमिष विकते. गांडुळं, अळ्या आणि बोटाएवढे जिवंत मासे. तळ्याच्या धक्क्याला लागून तिचं एका खोलीचं दुकान आहे. मासे काचेच्या टाकीत असतात, टाकीत पंप दिवसभर बुडबुडे सोडतो. फ्रीज एकच. वरच्या कप्प्यात दूध, खालच्या कप्प्यात गांडुळांचे डबे. पाहुणे आपल्याकडे चहाला नको म्हणतात ते याचमुळे, असं आतोबांचं मत आहे.

आतोबा म्हणजे तिचा नवरा. घड्याळदुरुस्तीचं काम सोडल्यापासून तेही दुकानातच बसतात. माणूस इतका मऊ की गांडुळाचे दोन तुकडे करायचे झाले तर गिऱ्हाइकाला म्हणतात, "तुम्हीच करा, मी तिकडे बघतो." आत्या याच्या अगदी उलट. तिचे दोन नियम सगळ्या तळ्याला पाठ आहेत. जिवंत मासा गळाला लावायचा तर तो याच तळ्यातला हवा. आणि उरलेलं आमिष पाण्यात ओतायचं नाही, तिच्या बादलीत आणून द्यायचं. नियम खरं तर मत्स्य खात्याचे, पण खात्यातले लोकही तिच्यासमोर ते जरा जपूनच बोलतात.

कारण तिने टेकडीपलीकडचं तळं पाहिलंय. तिथे कोणीतरी उरलेले आमिषाचे मासे दया येऊन पाण्यात सोडले. शेपटीच्या मुळाशी काळा ठिपका असलेले, दिसायला अगदी गरीब. त्यांनी बाकीच्यांची अंडी खाल्ली. सहा वर्षांत त्या तळ्यात ठिपकेवाल्यांशिवाय काही उरलं नाही. तिथला आमिषवाला आता छत्र्या दुरुस्त करतो.

गेल्या वर्षी आत्या लेकीच्या बाळंतपणाला आठ दिवस गेली. मी तेव्हा नोकरी सोडून रिकामी होते, म्हणून आतोबांच्या सोबतीला राहिले. सोबत कसली, दोघंही आठ वाजता उठायचो. मासे धरायचा पिंजरा पहाटे उचलावा लागतो, तो काही आम्ही उचलला नाही. टाकी रिकामी झाली. आत्या यायच्या दिवशी सकाळी एक फिरता व्यापारी पिशवीत साठ मासे घेऊन आला, आणि आतोबांनी ते घेऊन टाकले. मी आंघोळीला गेले होते. मी असते तर अडवलं असतं असं नाही, मलाही मासा म्हणजे मासा.

दुकान उघडायच्या आतच आत्या आली. पिशवी खांद्यावरून उतरवायच्या आधी ती टाकीपाशी वाकली आणि तशीच थांबली.

"अहो, हे कुठले?"

"आपल्याच तळ्यातले असतील की."

"यांच्या शेपटीला ठिपका आहे."

मग व्यापाऱ्याची चिठ्ठी निघाली. चिठ्ठीत साठ, टाकीत एकोणपन्नास. आत्याने तीनदा मोजले. आतोबा खिडकीबाहेर बघत होते, आणि त्यांना खिडकीबाहेर बघताना पाहिलं की काहीतरी झालंय हे आम्हाला कळतं.

"अकरा जण वर येऊन तोंड उघडत होते गं," ते शेवटी म्हणाले. "मरतील असं वाटलं. मगाशी धक्क्याच्या कोपऱ्यात सोडले. लगेच तरतरीत झाले."

ते तरतरीत झाल्याचं सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो बघून मला हसूही आलं आणि टेकडीपलीकडचं तळंही आठवलं.

रोज येणारे निवृत्त पोस्टमन दारातच उभे होते. ते म्हणाले, "वहिनी, झाकली मूठ सव्वा लाखाची. अकरा माशांनी काय होतंय?"

आत्याने फोन उचलला आणि स्वतःचीच तक्रार खात्याला केली. आतोबा म्हणाले, "माझं नाव सांग." ती म्हणाली, "परवाना माझ्या नावावर आहे." आपलेच दात आणि आपलेच ओठ, आणखी कोणाला काय बोलणार?

तासाभरात इन्स्पेक्टरबाई आल्या. कोपऱ्यातलं पाणी तीन बाजूंनी दगडी भिंतीत आहे. ठिपकेवाले अजून तिथेच घोळक्याने फिरत होते, म्हणून चौथ्या बाजूला त्यांनी बारीक जाळी लावली. टाकीतले एकोणपन्नास तिथेच मारले गेले, तेव्हा आतोबा पोस्टमनच्या घरी जाऊन बसले. मग बाईंनी लेखी दिलं: अंडी घालायचा हंगाम महिन्याभरावर आहे, तोपर्यंत अकराच्या अकरा बाहेर काढून जागीच मारायचे. एकही राहिला तर या तळ्यावर जिवंत आमिष कायमचं बंद, आणि परवाना रद्द. तोवर दुकानाला कुलूप.

पुढचा महिना म्हणजे हातचं सोडून पळत्याच्या पाठी. आत्या गुडघाभर पाण्यात, मी काठावर चाळणीसारखं जाळं घेऊन, आणि गळवाले मागे खुर्च्या टाकून सल्ले द्यायला. आपलेच मासे शंभरदा जाळ्यात यायचे, शेपट्या बघून जाळीपलीकडे सोडायचे. ठिपकेवाला आला की आत्या त्याला दगडावर ठेवून लाकडी दांड्याच्या एका फटक्यात संपवायची. आतोबा तेवढ्या वेळापुरते चहा आणायला जायचे. पंचविसाव्या दिवशी दहा झाले. अकरावा दिसेना. बावीस वर्षांचं दुकान, आणि आत्या रात्री जेवताना ताटात बघत बसायची.

एकोणतिसाव्या दिवशी तिला खात्याच्या कचेरीत मुदत वाढवून मागायला जावं लागलं. मीही तिच्यासोबत गेले. मुदत मिळाली नाही. दुपारी परत आलो तर आतोबा धक्क्यावर पाण्यात पाय सोडून बसले होते. बाजूला पाण्याने भरलेली काचेची बरणी होती. बरणीत पाण्याशिवाय काही नव्हतं.

"सापडला," ते म्हणाले. "अकराच्या सुमारास. या बरणीत ठेवला होता."

"मग कुठे आहे?" आत्याचा आवाज चढला. तिला वाटलं ते मलाही वाटलं: यांनी पुन्हा सोडला.

"दोन तास ठेवला. म्हटलं, तू आलीस की तू करशील. मग वाटलं, दहा वेळा तूच केलंस." त्यांनी मूठ पुढे करून उघडली. मासा तळहातावर होता, ठिपक्यासकट, मेलेला. "एका फटक्यात नाही झालं गं. मला जमत नाही. तीन लागले."

आत्याने मासा घेऊन मला दिला, बाईंना दाखवायचा म्हणून. मग चपला काढून ती त्यांच्या शेजारी बसली. तिने त्यांचा हात पाण्यात धरून धुतला, बोटं एकेक करून. आतोबा रडत होते आणि ती त्यांना गप्प करत नव्हती.

पोस्टमन खुर्ची घेऊन येत होते. मी त्यांना लांबूनच हात करून परत पाठवलं.