मामांनी पास केलेली अटॅचमेंट

माझ्या मिस्टरांच्या मामांनी उभ्या जन्मात एकही जुनी वस्तू पास केली नव्हती, आणि तरी आमच्या घाटकोपरच्या चाळीत त्यांना दाखवल्याशिवाय कुणी जुनी वस्तू घेत नसे. पंख्याची मोटर ते हुंगत, शिलाई मशीनला कान लावत, सायकल उलटी करून तिच्याकडे रागानं बघत बसत. त्यांच्या स्वतःच्या घरी ना पंखा, ना रेडिओ, कारण एकही पास झाला नव्हता. शेजारीण एकदा म्हणाली, "मामा, मग मामी कशी पास झाली?" तर म्हणाले, "ती नवी होती!"

ह्यांनी चाळीमागच्या शेडमध्ये लेथ, म्हणजे लोखंड फिरवून कातायचं यंत्र, टाकला होता. लोखंडी पिना घासून गुळगुळीत करून द्यायचं काम मिळत होतं, पण त्यासाठी लेथला ग्राइंडिंगची अटॅचमेंट हवी, म्हणजे घासायचा दगड मोटरवर फिरवणारं जोडयंत्र. मामांनी आधीच्या दोन अटॅचमेंट नापास केल्या होत्या. ही तिसरी गेली असती तर कामही दुसरीकडे गेलं असतं. कुर्ल्याच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी ती घरीच बनवली होती, आणि तेच ती घेऊन आले होते.

मामांनी आधी माझं जुनं लुगडं मागून घेतलं, ओलं करून लेथच्या बेडवर, खालच्या गुळगुळीत पट्ट्यांवर, पसरलं. "दगडाची धूळ बेडवर पडली तर वाट लागतली," म्हणाले. मग लेथवर बसवलेल्या अटॅचमेंटचा पट्टा ओढला, दांडा हलवला, मोटर हुंगली. खोट काही सापडेना, तसा त्यांचा चेहरा उतरत चालला. शेवटी त्यांची ठरलेली परीक्षा. यंत्र चालू करायचं, पाण्यानं भरलेलं फुलपात्र हातात धरून त्याला टेकवायचं. पाणी हललं की वस्तू बाद.

पाणी हललं.

"थरथरता हा. नापास," म्हणत मामांनी फुलपात्र उचललं आणि मोटर बंद केली.

"अवो, वरीस घालवलंय मी त्याच्यात!" मिस्त्री म्हणाले. हे खाली मान घालून उभे.

मी चहा घेऊन दारात होते. मोटर बंद होती, आणि मामांच्या हातातलं पाणी अजून हलत होतं. मला चारचौघांत बोलायची सवय नाही. न बोलावं तर काम जाणार, बोलावं तर मामांची शान. मी कपबशी पुढे केली. "मामा, गरम आहे. भांडं तिथंच ठेवा, दोन्ही हातांनी धरा." त्यांनी फुलपात्र अटॅचमेंटवर ठेवलं. मग मी ह्यांना म्हटलं, "जरा परत चालू करता?"

यंत्र फिरलं. पाणी आरशासारखं स्थिर. मामांनी पाण्याकडे पाहिलं, मग हातातल्या बशीकडे. चहा काठावरून सांडत होता.

"घे रे," ते हळूच ह्यांना म्हणाले. "पास."

पुढेही मामांना बोलावणी येतच राहिली. निघताना ते आमच्या दाराशी थांबत. "येतंस गो? वायच भांडा ठेवूक." मी पदर खोचून निघे. भांडं मी ठेवायची, पाणी ते बघायचे. त्या वर्षांत त्यांनी पुष्कळ वस्तू पास केल्या. लोक म्हणत, म्हातारपणी मामा मवाळ झाले. मी हो म्हणायची.